हरवलेली याद आणि उणे दहा (कथाबीज, मदत हवी आहे)

माहुलीकाठ:

नमस्कार मंडळी. गेले दोन पावसाळे एक दीर्घकथा डोक्यात घोळतेय. काळ आजपासून पाच हजार वर्षांनंतरचा. जागा आपलाच कृष्णाकाठ, महाबळेश्वरापासून खाली सांगली-मिरजेपर्यंत. आणि या सगळ्याच्या मधोमध एक हरवलेला कागद. तो कागद कोणता, हे माझं ठरलंय. पण त्याच्याभोवती ज्या दंतकथा लागतील त्या मी एकट्याने रचल्या तर एकाच माणसाने रचल्यासारख्या वाटतील. म्हणून हा धागा.

आधी घरातली गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमच्या माहुलीच्या घरात माळ्यावर एक रुमाल होता. रुमाल म्हणजे जुने कागद बांधून ठेवायचं फडकं. आजोबा दसऱ्याला तो खाली काढायचे, हळदकुंकू वाहायचे, की परत वर. उघडायचा नाही. त्यातला एक कागद ‘गेला’ अशी घरात बोलवा होती. आजोबा म्हणायचे, शाहू महाराजांच्या वेळची अख्ख्या गावाची सनद होती. चुलते म्हणायचे, पुरलेल्या धनाची खूण होती. आत्याच्या मते तो भाऊबंदांनी पळवला, आणि त्या संशयावरून दोन घरांत तीन पिढ्या एकमेकांच्या पंगतीला कुणी बसलं नाही.

मी मोडी शिकलो आणि रुमाल सोडला. वरचे बंद, म्हणजे कागद, कसरीने चाळणीसारखे झालेले, हात लावला की भुगा. तळाशी मात्र घडीच्या आत घडी घालून ठेवलेली चार बोटं रुंदीची चिठ्ठी निघाली. बोरूने लिहिलेली, शाई अजून काळीभोर. त्यावर एवढंच:

पाटाचे पाणियाचे पाळीची याद बंद १ चावडीस दिल्ही. परत यावी.

याद म्हणजे टिपण. सनद नव्हती, धन नव्हतं. ओढ्याच्या बंधाऱ्यावरून जो पाट निघायचा त्याच्या पाळ्या होत्या. कुणाच्या रानाला किती घटका पाणी. मी वाचून दाखवलं तेव्हा आत्या बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग बरोबरच भांडत हुती की माणसं.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मूळ याद गेली, ती परत येईल अशी चिठ्ठी तेवढी राहिली, आणि तीन पिढ्यांच्या गोष्टी त्या चिठ्ठीभोवती उगवल्या. साताऱ्याची सर्वांत मोठी दंतकथासुद्धा अशीच आहे. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ इथे होता, छत्रपतींचं दफ्तर त्याला पाहायला मिळालं, आणि १८२६ ला लंडनमध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास छापून आला. तळटिपांमध्ये तो सांगतो की अमुक कागदाची नक्कल मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवली आहे. पुढे त्या नकला हाताला लागेनात. मग लोकांत सुरू झालं की साहेबाने कागद वापरले आणि जाळून टाकले. आजही साताऱ्यात चहाच्या टपरीवर ही गोष्ट ऐकायला मिळते. तळटीप नसती तर जाळल्याची गोष्टही नसती.

तर माझ्या कथेतला कागद: कृष्णा पाणीतंटा लवादाचा निवाडा. १९६९ ला लवाद नेमला, १९७३ ला निवाडा आला, १९७६ ला राजपत्रात छापला गेला. न्यायमूर्ती बच्छावत अध्यक्ष होते, म्हणून आपण बच्छावत लवाद म्हणतो. चार वर्षांपैकी तीन वर्षं खात्रीने मिळेल असं पाणी २०६० टीएमसी धरलं. त्यातलं महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, तेव्हाच्या आंध्राला ८००. आमच्या पाटाच्या यादीसारखीच ही एक याद, फक्त अख्ख्या नदीची.

पाच हजार वर्षांनी राज्यं नाहीत, त्यांची नावंही नाहीत. नदी आहे. काठावर माणसं आहेत आणि त्यांच्यात अशी समजूत आहे की कुणे एके काळी कृष्णामाईने आपलं पाणी तीन लेकांत वाटून दिलं आणि ती वाटणी एका कागदावर लिहिली. लिहिणाऱ्याचं नाव बचावत. बच्छावत हा उच्चार झिजून बचावत झाला, आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला: जो बचावतो तो, वाचवणारा.

आता तुम्ही सांगा. काय टिकेल, काय विसरेल, आणि लोक कागद कुठे शोधतील?

वाईची_मोडीवाचक:

माहुलीकाठ, चिठ्ठी वाचून अंगावर काटा आला. “परत यावी” हे शब्द मी शेकडो कागदांवर पाहिलेत. घेणारा परत आणून देणारच असं धरून लिहिलेलं असतं.

एक सुचवते. जुन्या दफ्तरात अस्सल, नक्कल आणि मसुदा असे तीन प्रकार असतात आणि नवख्याला ते पटकन वेगळे करता येत नाहीत. अस्सल पत्रावर वर शिक्का आणि शेवटी मोर्तब असतं. नकलेवर नसतं. तुमच्या भविष्यातल्या लोकांना नक्कल सापडली तरी ते ती खोटी ठरवतील, कारण त्यावर त्यांना अपेक्षित असलेली खूण नसेल. म्हणजे कागद सापडूनही हरवलेलाच राहील. कथेत अशी एक बाई असू द्या जिच्या हातात खरा मजकूर आहे आणि कुणीही तिचं ऐकत नाही.

खडक_आणि_माती:

मूळ कल्पना आवडली, पण एक शंका. हा निवाडा हरवेल कसा? राजपत्र छापील आहे, तीन राज्यांत प्रती आहेत, न्यायालयांत आहेत, आता तर संगणकावरही आहे. एका गावच्या चावडीतली याद वेगळी.

माहुलीकाठ:

खडक, याचाच मी खूप विचार केला. प्रती पुष्कळ असल्या तरी त्या सगळ्या एकाच प्रकारच्या आहेत: कागद आणि यंत्र. हार्ड डिस्क काही वर्षांत जाते, तिच्यावरचं दर वेळी नव्या यंत्रावर उतरवून घ्यावं लागतं. दोन पिढ्यांनी ते उतरवणं सोडलं की संपलं. शिवाय मजकूर टिकला तरी ‘टीएमसी’ म्हणजे काय हे कळायला हवं. हजार दशलक्ष घनफूट. यातला फूट गेला की सगळा हिशेब गेला. माझ्या कथेत लोक त्याला ‘तेमशी’ म्हणतात आणि ते एक पवित्र माप आहे, ज्याचं भांडं कुणी पाहिलेलं नाही.

आणि मुद्दाम जपलेलं तरी टिकतं का? १५ ऑगस्ट १९७३ ला लाल किल्ल्यात कालपात्र पुरलं. पुढच्या युगातल्या माणसांसाठी. १९७७ ला सरकार बदललं आणि त्याच वर्षी ते उकरून काढलं. आत नेमकं काय लिहिलंय यावरून तेव्हाही वाद झाले. चार वर्षं!

सांगलीकर_नदीवेस:

कागदाबद्दल माझ्याकडून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या तळमजल्यावर वडिलांनी चाळीस वर्षं जमवलेली पुस्तकं आणि फायली होत्या. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर उघडेना, आत कागद फुगून दाराला टेकलेले. गुळगुळीत कागदाची मासिकं एकमेकांना चिकटून विटेसारखी झालेली, पान सुटायचं नाव नाही. साधा खरखरीत कागद मात्र पंख्याखाली एकेक पान वेगळं करून वाचवता आला. बॉलपेनचं टिकलं, जेलपेनचं वाहून निळा डाग राहिला. आईच्या हातची दूधवाल्याची वही वाचली, जमिनीची कागदपत्रं गेली. कुणी ठरवून वाचवायला गेलं असतं तर नेमकं उलटं केलं असतं.

तुमच्या कथेत काय टिकलं हे महत्त्वावर ठरवू नका, एवढंच म्हणेन. कुठल्या कपाटाच्या कुठल्या खणात होतं त्यावर ठरवा.

आणि सांगलीत पाच हजार वर्षांत असे महापूर किती येतील? गाळाचे थर मोजूनच तुमचे लोक इतिहास सांगतील.

खडक_आणि_माती:

नदीवेस, वाचून वाईट वाटलं. वडिलांना नमस्कार सांगा.

माहुलीकाठ, मुद्दा पटला. मग आता टिकतं काय ते सांगतो.

पहिलं, तांबं. मिरजेला चालुक्य जयसिंहाचा ताम्रपट मिळाला आहे, शके ९४६ म्हणजे इ.स. १०२४ चा. साताऱ्याचा विष्णुवर्धनाचा ताम्रपट त्याहून जुना, सातव्या शतकातला, पुलकेशीच्या धाकट्या भावाचा. म्हणजे चौदाशे वर्षं झालीच. आणि त्यात असतं काय? जमीन कुणाला दिली, चतुःसीमा काय. ताम्रपटांत शेवटी बहुधा तो श्लोक येतो, दिलेलं जो हिरावेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. शापाची मुदतसुद्धा तुमच्या कथेच्या काळाच्या बारापट.

दुसरं, दगड. आपल्याकडचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षं टिकलाय. कराडजवळची आगाशिवची लेणी दोन हजार वर्षांची, बौद्ध भिक्षूंची. पण कुठल्याही डोंगरात लेणी दिसली की गावात विचारा, “पांडवांनी एका रात्रीत कोरली” हेच उत्तर. खरा कर्ता विसरला की आठवणीतलं सर्वांत मोठं नाव येऊन बसतं.

आता कोयना घ्या. धरणाची भिंत १०३ मीटर उंच, आठशे मीटरच्या वर लांब. पाच हजार वर्षांत मागचं पाणी जाऊन गाळ भरलेला असेल, त्यावर शेती असेल, आणि मधूनच नदीने भिंत फोडून वाट काढलेली असेल. लोकांना ते धरण वाटणारच नाही. ‘बचावताची पायरी’ म्हणतील. आणि सह्याद्रीच्या पोटातले बोगदे! कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला कोकणात उतरतं, लवादाने त्यालाही वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली होती. या बोगद्यांची तोंडं म्हणजे भविष्यातली लेणी. कागद तिथेच आहे असं समजून लोक पिढ्यान्‌पिढ्या आत जात राहतील.

वाईची_मोडीवाचक:

कोयनेसाठी दंतकथा माझ्याकडून घ्या. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात, दोन बहिणी गळाभेट घेतात तशा. तुमचे लोक म्हणतील, धाकटी बहीण कोयना कोकणात दिली होती, म्हणून तिच्या वाटणीचं पाणी रात्री डोंगराखालून सासरी जायचं. सासर सुटलं, ती परत आली, आणि तेव्हापासून दोघी संगमावर तोंडाला तोंड लावून उभ्या आहेत.

पंचांगी:

कालगणनेचं बघा. तुमच्या लोकांना सन माहीत नसेल, पण गुरू कन्या राशीत आला की कृष्णेला कन्यागत, म्हणजे स्नानाचं पर्व, हे माहीत असू शकतं. मागची २०१६ ला झाली, पुढची २०२८ ला. गुरूला एक फेरी पुरी करायला बारा वर्षांना थोडी कमी लागतात, त्यामुळे पाच हजार वर्षांत साधारण ४२० कन्यागती. कथेत काळ कन्यागतींत मोजा. अजून एक: ७२ वर्षांना एक अंश या हिशेबाने अयनचलन (ताऱ्यांच्या तुलनेत ऋतूंचं सरकणं) चालू राहील. निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून चालणारं, पंचांग तसंच ठेवलं तर तेव्हाची संक्रांत मार्चअखेरीच्या उन्हात येईल. तीळगूळ का खायचा हे कुणाला कळणार नाही, तरी खातील.

कृष्णा_खोरे_अभ्यासक:

तपशिलात दुरुस्ती. ५६०, ७००, ८०० ही मूळ वाटणी. परतीच्या प्रवाहाचं पाणी धरल्यावर ती ५८५, ७३४, ८११ झाली, एकूण २१३०. दुसरा लवाद नंतर बसलाच. आणि २०१४ ला तेलंगण वेगळं झालं, म्हणजे शेवटच्या भावाचे दोन भाऊ.

खालच्या भावाला सर्वांत जास्त का, हे तुमच्या लोकांना छळेल. खरं कारण असं की १९६० पर्यंत जे पाणी वापरात होतं किंवा मंजूर होतं ते राखायचं असं लवादाने ठरवलं, आणि आंध्रच्या डेल्टातले कालवे जुने. दंतकथेत हे कसं आणाल?

आटपाडीची_लेक:

खूप दिवसांनी लिहितेय. हा धागा काल रात्री दोनदा वाचला. आम्ही दुष्काळी पट्ट्यातली माणसं. टेंभू योजनेचं पाणी कराडजवळून उचलून टप्प्याटप्प्याने आमच्याकडे आलं त्या दिवशी माझ्या आजीने पाटाच्या कडेला बसून पाण्याला हात लावला, मग तोच हात कपाळाला लावला. ती म्हणाली, “नावानं ऐकली हुती कृष्णाबाई, आज घरी आली.” तिचं सगळं आयुष्य सांगली जिल्ह्यात गेलं.

म्हणून सांगते, कागद शोधायचा तर जात्यावर शोधा. हा निवाडा टिकेल तो ओवीत. आजीच्या चालीवर मी बसवून पाहिली:

पहिली माझी ओवी गं, थोरल्या बंधवाला
साडेपाचशे घागरी, उगमाच्या धन्याला

दुसरी माझी ओवी गं, मधल्या बंधवाला
सातशे गं घागरी, काळ्या रानाच्या राजाला

तिसरी माझी ओवी गं, धाकल्या बंधवाला
आठशे गं घागरी, दर्याकाठच्या भावाला

अभ्यासक दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. धाकल्याच्या दारात खारं पाणी, म्हणून आईने त्याला जास्त दिलं. बाया असंच सांगतील.

पण लिहून झाल्यावर लक्षात आलं की माझ्याकडून चूक झाली. आकडा ५६० आहे आणि मी साडेपाचशे म्हटलं. मुद्दाम नाही. सातशे, आठशे जिभेवर असले की ‘पाचशे साठ’ तिथे अडतं, ‘साडेपाचशे’ आपोआप येतं. मी एका रात्रीत दहा टीएमसी हरवले.

माहुलीकाठ:

ताई, कथा तुम्ही मला हातात दिलीत. मी सकाळपासून उठून-बसून हेच करतोय.

बघा: ओवीतल्या आकड्यांची बेरीज २०५०. आणि कुठेतरी, धरणाच्या भिंतीवर म्हणा, तांब्याच्या पत्र्यावर म्हणा, एकूण आकडा तेवढा टिकलाय: २०६०. भविष्यातल्या माणसांकडे ओवी आहे आणि बेरीज आहे, आणि दोन्हींत दहाचा फरक. ते दहा कुणाचे? चौथ्या भावाचे? बहिणीचे? बचावताने स्वतःसाठी ठेवले? याच दहांवरून काठाकाठाने पंथ पडतात. वरचे म्हणतात आमचे दहा खालच्यांनी नेले. बोगद्यांत शोधणारे म्हणतात दहाचा कागद वेगळा होता. आणि वाईच्या ताईंनी सुचवलेली ती बाई जुना मजकूर घेऊन गावोगाव सांगत फिरते की कुणी काही नेलं नाही, ओवी म्हणताना जीभ अडली एवढंच. तिचं ऐकत नाहीत, कारण हजारो वर्षांचं भांडण जिभेच्या अडण्यावर उभं होतं हे कोण मान्य करेल?

आमच्या दोन घरांचंही तेच झालं. मागच्या महिन्यात ती चिठ्ठी घेऊन मी भाऊबंदांकडे गेलो होतो. त्यांच्या थोरल्यांनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली, मोडी येत नसताना. मग म्हणाले, “चावडीस दिली म्हंतोय ना? मग चावडीनं हरवली असंल.” आणि चहा टाकायला सांगितला. एवढ्यावर मिटलं. ही बाई जिथे पहिल्यांदा ऐकून घेतली जाते तो प्रसंग मी असाच लिहिणार आहे.

सुरुवात अशी लिहिली आहे, वाचून सांगा:

“कन्यागतीच्या पहिल्या पहाटे माहुलीच्या संगमावर बाया तीन घागरी भरून ठेवतात. थोरल्याची, मधल्याची, धाकल्याची. त्यांच्या शेजारी चौथी ठेवतात, वीतभर उंचीची, रिकामी. तिला दहाची घागर म्हणतात. ती कुणी भरत नाही, कारण ती कुणाची हे ठरलेलं नाही.”

वाईची_मोडीवाचक:

वा! पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा). लवकर लिहा.

सांगलीकर_नदीवेस:

+१. पूर आल्यावर ती चौथी घागर आधी वाहून जात असणार, हेही येऊ द्या.

आटपाडीची_लेक:

छान आहे. एक बदल करा. रिकामी घागर आमच्याकडे कुणी दारात ठेवत नाही आणि सणाच्या पहाटे तर नाहीच. पाच हजार वर्षांनीसुद्धा बाया ठेवणार नाहीत. तळाला चूळभर पाणी असू द्या.

माहुलीकाठ:

बदललं. चूळभर ठेवलं आहे.